चाचांची वसीयत

"वारसाला वसीयत नाही. हदीस आहे. विषय संपला."

आज बैठकीत एक बुजुर्ग हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, हवाला देत एवढंच बोलले आणि चाचांनी हातातला वसीयतीचा, म्हणजे मृत्युपत्राचा, कागद घडी करून खिशात ठेवला. राहतं घर धाकट्या मुलीच्या नावे करायचं होतं त्यांना. आजारपण तिनंच काढलं. तिचे भाऊ राजी नाहीत.

ते "विषय संपला" मला दिवसभर टोचतंय. कुराणातल्या सूरह बकराच्या 180 व्या आयतीत आईवडील आणि जवळच्या नातलगांसाठी वसीयत करण्याचा हुकूम आहे. वारसाहक्काच्या आयतींनी तो रद्द झाला, असं बहुतेक सुन्नी फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, मानतात. पण सूरह निसाच्या त्याच आयती हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा म्हणतात की वाटणी वसीयत आणि कर्ज भागवल्यानंतर. सरळ मनाई येते ती हदीसमधून, अबू दाऊद आणि तिर्मिझींच्या संग्रहांतून. दोघेही पैगंबरांनंतर दोन शतकांनी झाले. शिया कायद्यात तर मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वारसालाही देता येतं.

नमाज कशी पढायची हे आपण हदीसमधूनच शिकलो. हदीस सोडा असं मी म्हणत नाही. पण एका बापाला नाही म्हणण्याआधी ती आयत त्याच्यासमोर वाचायला नको का?