ग्रँड कॅन्यनच्या तळापर्यंत: आखणी चढापासून सुरू करावी

सह्याद्रीत आपण आधी गड चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनमध्ये हा क्रम उलटा होतो. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, भराभर उतरण होते. खरा चढ मात्र शरीर थकल्यावर आणि ऊन तापल्यावर समोर येतो. म्हणून या दरीची आखणी परतीच्या वाटेपासून सुरू करावी, असे आमचे ठाम मत झाले.

आम्ही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात साउथ कायबाब वाटेने उतरलो, कोलोरॅडो नदीकाठी ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने वर आलो. साउथ कायबाबची सुरुवात सुमारे २२१३ मीटर उंचीवर आहे. तिथून तळापर्यंत अंदाजे ११ किलोमीटरमध्ये जवळजवळ १४५० मीटर उतरावे लागते. ही वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते, त्यामुळे दृश्य अखंड खुले असते, पण सावली जवळपास नाही आणि पाणी तर अजिबात नाही. म्हणूनच ती उतरण्यासाठी ठेवावी आणि चढण्यासाठी ब्राइट एंजल निवडावी. ती सुमारे १५ किलोमीटरची, म्हणजे लांब असली तरी तिच्यावर विसाव्याच्या जागा आहेत आणि ठरावीक हंगामात पाणीही मिळते.

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा विचार करू नये. उद्यानाचे प्रशासनही तसे न करण्याचा सल्ला देते. मुक्कामासाठी परवाना लागतो आणि त्याची ऑनलाइन सोडत साधारण चार महिने आधी होते. तळाशी असलेल्या फँटम रँच या १९२२ सालच्या दगडी वस्तीत खोली हवी असेल, तर त्याची सोडत वेगळी असून वर्षभराहून अधिक आधी अर्ज करावा लागतो. महिना निवडताना ऑक्टोबर किंवा एप्रिलला प्राधान्य द्यावे. उन्हाळ्यात तळाशी पारा सहज चाळिशीपार जातो आणि हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ गोठलेला असतो.

साउथ कायबाबच्या सुरुवातीपाशी खासगी गाडी नेता येत नाही. गाडी ब्राइट एंजल लॉजच्या परिसरात ठेवून पहाटेची हायकर्स बस पकडावी; परतीची वाट तिथेच संपते. उजाडताना वर हातमोजे घालण्याइतकी थंडी होती आणि उतरणीवरच्या टिपऑफ या टप्प्यावर पोहोचेपर्यंत अंगात फक्त सदरा उरला होता. वाटेवर ओंडके आडवे टाकून पायऱ्या केलेल्या आहेत, पण खेचरांच्या खुरांनी त्यांच्यामधली माती उकरली जाऊन खोलगट खड्डे पडले आहेत. प्रत्येक पाऊल अपेक्षेपेक्षा थोडे खाली पडते आणि तो धक्का थेट गुडघ्याला बसतो. दोन ट्रेकिंग पोल घेणे आवश्यकच समजावे. खेचरांचा तांडा आला की वाटाड्या सांगेल त्या बाजूला थांबावे आणि तांडा पुढे जाईपर्यंत हलू नये.

शेवटी एका लहानशा बोगद्यातून वाट थेट झुलत्या ब्लॅक ब्रिजवर निघते. इथे दोन्ही बाजूंना विष्णू शिस्टचा काळाभोर खडक उभा आहे, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. सकाळी ज्या चुनखडीवरून निघालो ती जेमतेम २७ कोटी वर्षांची. ते आकडे पाठ असूनही त्या खडकावर हात ठेवताना आम्ही सारे गप्प झालो होतो. तंबूजवळ अन्न ठेवण्यासाठी धातूच्या पेट्या आहेत. खाद्यपदार्थ त्यांतच ठेवावेत, कारण तिथल्या खारी सॅक कुरतडतात.

परतीच्या दिवशी अंधारातच हेडलॅम्प लावून निघावे. ब्राइट एंजल वाटेवरचा हवासुपाई गार्डन्स हा विसावा साधारण निम्म्या अंतरावर आहे, परंतु तिथून वर अजूनही नऊशे मीटरहून अधिक चढ उरतो, म्हणजे एकूण चढाईचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग. निम्मे अंतर झाले म्हणून निम्मे काम झाले असे समजू नये; उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते, तेव्हा ओआरएस आणि खारे दाणे, चिवडा असे खारट पदार्थ थोडे थोडे खात राहावे. जुन्या जलवाहिनीत वारंवार बिघाड होत असल्यामुळे कोणते नळ सुरू आहेत हे निघण्याच्या आदल्या दिवशी तपासावे आणि तरीही पाणी शुद्ध करण्याची सोय जवळ बाळगावी.

अमेरिकेत राहणाऱ्यांकडे भारतातून आई-वडील आले असतील आणि त्यांचे गुडघे ठीक असतील, तर त्यांच्यासाठी साउथ कायबाब वाटेवरील सीडर रिज हे परत फिरण्याचे ठिकाण समजावे. एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आत आणि साडेतीनशे मीटर उतरण, एवढ्यात दरीचे आतले रूप पाहायला मिळते. तिथे शौचालय आहे, पाणी नाही. ते वरूनच भरून न्यावे.