वस्तू मोजायला शिकवताना: माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या वस्तीत, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मी मोजायला शिकवते. "शंभरपर्यंत येतं त्याला," असं पालक कौतुकाने सांगतात आणि मूल ते धडाधड म्हणूनही दाखवतं. पुढ्यात सात चमचे ठेवले की मात्र उत्तर कधी पाच येतं, कधी नऊ. आकडे म्हणणं हे पाठांतर आहे. मोजताना प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही आणि शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण किती, हे उमगायला हवं.

सामान घरातलंच घ्यावं: चमचे, कपड्यांचे चिमटे, बरण्यांची मोठी झाकणं. आमच्याकडे मागावरच्या रिकाम्या कांड्या भरपूर मिळतात. उरलेलं सूत काढून, साबणाने धुऊन त्या वापरते. चिंचोके, शेंगदाणे आणि मणी लहान मुलांपुढे अजिबात ठेवत नाही, कारण ते नाकात जातात, घशात अडकतात. एका वेळी एकाच प्रकारच्या वस्तू असाव्यात. रंगीबेरंगी ढीग दिला की मूल रंग निवडत बसतं.

सुरुवात तीनपासून. दोन ताटल्या ठेवायच्या, डावीकडे कांड्या, उजवीकडची रिकामी. उचलायची, पलीकडे ठेवायची, आणि ठेवतानाच आकडा म्हणायचा. वस्तू जागची हलली की मोजलेली कोणती आणि राहिलेली कोणती हे लक्षात ठेवावं लागत नाही. नुसतं बोट लावून मोजणं त्यानंतरचं.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: तोंड हाताच्या पुढे पळतं. अशा वेळी मी ताटलीऐवजी स्टीलचं पातेलं देते. चमचा टाकला की टण्ण आवाज, आणि एका आवाजाला एकच आकडा. मूल आपोआप थांबायला लागतं. दुसरी चूक बारकाईने पाहिलं तरच दिसते. "सहा" म्हणताना "स"ला एक वस्तू आणि "हा"ला दुसरी, असं बोट सरकतं. "नऊ" आणि "दहा"लाही तसंच. तिथे बोट लावणं थांबवून पुन्हा उचलून ठेवण्यावर यायचं.

मोजून झालं की विचारायचं, "किती आहेत?" पुष्कळ मुलं उत्तर न देता पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांना शेवटचा आकडा फक्त शेवटच्या वस्तूचं नाव वाटतो. म्हणून मी मोजून झाल्यावर सगळ्या वस्तूंभोवती हात फिरवते आणि म्हणते, "एक, दोन, तीन, चार. चार कांड्या!" मग वरून रुमाल टाकून विचारते, "आत किती?" झाकल्यामुळे पुन्हा मोजता येत नाही, आठवून सांगावं लागतं.

माझ्या मते खरी परीक्षा "मला चार दे बघू" ही. दहा कांड्यांतून चार काढायच्या म्हणजे चार हा आकडा डोक्यात धरून मोजायचं आणि तिथेच थांबायचं. समोरच्या चार बरोबर मोजणारं मूलही इथे ओंजळभर देतं. रागवू नये. "किती मागितल्या?" हे आधी त्याच्याकडूनच म्हणवून घ्यावं, दोनपासून सुरू करावं, आणि दिल्यावर "चल, मोजून बघू" म्हणावं.

इथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. मूल "ओकटि, रेंडु, मूडु" म्हणून मोजत असेल तर मी अडवत नाही. मोजणं एका भाषेत समजलं की दुसरीत फक्त शब्द शिकायचे उरतात. एकाच मोजणीत दोन्ही भाषांची सरमिसळ झाली तर मात्र आकडा गळतो, तेवढं सांभाळायचं.

पाचपर्यंत पक्कं झालं की मांडणी बदलते: ओळ, ढीग, गोल. गोलात मूल फिरतच राहतं, म्हणून पहिल्या वस्तूपाशी खडूची खूण करते. दहासाठी अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे कामी येतो. पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळी एकत्र राहतील असे तीन तुकडे कापायचे. आधी वरची ओळ भरायची. मग "पाच आणि दोन, सात" हे न मोजताही दिसायला लागतं.

लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी अंक ओळखण्या-वाचण्याचं ध्येय दहापर्यंतच आहे. त्यामुळे शंभरची घाई नको. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. जेवायला बसताना "माणशी एक ताट मांड, किती लागतील?" असं विचारलं तरी त्या दिवसाचा सराव होतो.