हरिश्चंद्रगड: पाचनईत मुक्काम, नागलीची भाकरी आणि सोमवारी वेळेवर ऑफिस

मी पुण्यात एका बँकेच्या कर्ज विभागात काम करते. जानेवारी उजाडला की आमच्याकडे मार्च एंडिंगची धास्ती सुरू होते. थकीत हप्त्यांच्या याद्या, वसुलीचे फोन, टार्गेटच्या मीटिंगा. पुढचे अडीच महिने असेच जाणार हे ठाऊक असतं. म्हणून जानेवारीचा दुसरा शनिवार मी डोंगरासाठी राखून ठेवते. या वेळी मी, माझा धाकटा भाऊ आणि ऑफिसातली एक मैत्रीण असे तिघं पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो.

आधी वेळापत्रकाबद्दल सांगते, कारण ट्रेकनंतर कामाला हुरूप येणार की कंबरडं मोडणार हे त्यावरच ठरतं, हे मला फार उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी एका गडावरून आम्ही रविवारी अंधार पडल्यावर उतरलो आणि घरी पोचायला रात्रीचे अडीच वाजले. सोमवारी मी झोपेत असल्यासारखी काम करत होते. एका रिक्षावाल्या दादांच्या कर्जखात्यात मी हप्त्याची तारीख चुकीची टाकली. खात्यात पैसे नसताना हप्ता गेला, तो परतला आणि त्यांना दंड बसला. दंड नंतर माफ करून घेतला, पण ते काउंटरसमोर उभे राहून शांतपणे पासबुक दाखवत होते तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून एक नियम केला आहे. रविवारी दुपारी एकच्या आत पायथ्याला, संध्याकाळी आठच्या आत घरी. हा नियम पाळण्यासाठी एखादं शिखर सोडावं लागलं तर ते सोडायचं.

शनिवारी सकाळी नऊला निघालो. मुद्दामच उशिरा, कारण आठवड्याची झोप आधी भरून काढायची होती. नाशिक रस्त्याने नारायणगाव, आळेफाटा, तिथून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि पाचनई. थांबत-थांबत जाताना पाच-साडेपाच तास धरा. कोतूळच्या पुढे रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, तिथून अंधारात पहिल्यांदा गाडी चालवू नका. मुंबई-नाशिककडच्यांना घोटी, भंडारदरा, राजूर असं येणं सोयीचं. एसटीने येणाऱ्यांनी आधी राजूर गाठावं. पुढच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून घ्यावी आणि परतीचीही तेव्हाच विचारावी.

जुन्नर भागातून जाताय तर दुपारच्या जेवणाला मासवडी चुकवू नका. नावात मासा असला तरी ती पूर्ण शाकाहारी असते. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, कांदा यांचं सारण, आणि सोबत तिखटजाळ काळा रस्सा. आम्ही एका छोट्या खानावळीत बसलो. भाऊ दोन ताटं जेवला आणि पुढे गाडीत झोपला. मैत्रीण खिडकीतून बाहेर बघत बसली होती. आळेफाट्याच्या अलीकडे तिचा ऑफिसचा फोन तीनदा वाजला होता. कोतूळनंतर रेंज गेली आणि तिने फोन बॅगेत टाकला.

पाचनईत आम्ही एका घरी उतरलो. गावात बऱ्याच घरी राहण्या-जेवणाची सोय होते. आधी फोन करून माणसं किती, कधी येणार आणि दर किती हे ठरवून घ्या, म्हणजे घरच्यांनाही अंदाज येतो. पूर्वी मी तंबू, स्टोव्ह सगळं पाठीवर घेऊन वरच मुक्काम करायचे. त्यातली मजा वेगळी. पण चाळिशी ओलांडल्यावर आणि सोमवार डोळ्यांसमोर असताना शेणाने सारवलेल्या जमिनीवर, चार भिंतींच्या आत, जाड गोधडीखाली झोपणं मला जास्त मानवतं. पाठीवरचं ओझं अर्धं होतं आणि गुडघे वाचतात.

त्या संध्याकाळबद्दल थोडं सविस्तर लिहिते. काकूंनी चुलीपुढे काठवट घेतली आणि नागलीचं पीठ काढलं. आपण शहरात जिला नाचणी म्हणतो ती इकडे नागली. उकळतं पाणी पिठात ओतून त्यांनी ते आधी उलथण्याच्या टोकाने हलवलं आणि मग तळहाताने मळायला घेतलं. "नागलीला गार पाणी चालत नाही ताई, भाकर तुटती," त्या म्हणाल्या. गोळा थापून तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकल्याबरोबर उलटला आणि शेवटी तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभा केला. भाकरी टम्म फुगली आणि कडेने वाफ सुटली. तिच्यावर लसूण-मिरचीचं पिठलं, बाजूला कारळ्याची चटणी आणि कच्चा कांदा. मैत्रिणीने करून बघायला मागितलं. तिची पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली, दुसरी साधली. नागली त्यांच्याच शेतातली होती. अकोले तालुक्यात नागली, वरई, कारळा अजून पिकतात. गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

जेवताना काकूंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" बँकेत कर्जाचं काम बघते म्हटल्यावर काका उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं घेऊन आले. म्हशीसाठी कर्ज मागितलं होतं. बँकेने एकदा सातबारा जुना आहे म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा आठ-अ आणायला सांगितलं, तिसऱ्यांदा फोटो. "दर खेपेला एक दिवस मोडतो," काका म्हणाले. मी कागद एकेक करून बघितले. काय कमी आहे ते एका कोऱ्या पानावर लिहून दिलं आणि सांगितलं, की आता जाल तेव्हा सगळी यादी एकदम लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. मी इतकं सांगितलं खरं, पण आत काहीतरी टोचत राहिलं. आमच्याकडेही फायलीवर एका वेळी एकच त्रुटी लिहून परत पाठवायची सवय आहे.

रविवारी पहाटे पाचला निघालो. गावातलाच एक मुलगा वाट दाखवायला बरोबर होता. वाट ठळक असली तरी अंधारात चढायचं असेल तर स्थानिक माणूस घ्याच. पायथ्याच्या चौकीवर नाव लिहून प्रवेशशुल्क भरावं लागतं, कारण हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हेडलॅम्प प्रत्येकाचा वेगळा हवा आणि सेल नवे हवेत. भावाने घरातले जुने सेल टाकले होते. अर्ध्या तासात त्याचा दिवा विझला आणि पुढे तो माझ्या मागे पाय चाचपत आला. थंडीत सेल लवकर उतरतात, म्हणून जास्तीचा जोड अंगावरच्या कपड्यांच्या खिशात ठेवा, बॅगेत नको.

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांत सोपी. पहिला चढ दमवतो, मग वाट एका भल्यामोठ्या कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. डोक्यावर पुढे आलेला खडक, एका बाजूला खोल दरी. अवघड जागी रेलिंग आहे. तिथून पुढे ओढा ओलांडून खडकाळ पठार, झाडी आणि मग देऊळ. आम्हाला अडीच तास लागले. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे, तिला चार-पाच तास द्या. कड्यातल्या घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेला दोर, अनुभव आणि जाणता गट असल्याशिवाय जाऊ नका. फोटो पाहून तिकडे वळू नका, हे मी कळकळीने सांगते.

देवळाशी पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ नुसतं बघत बसावं असं आहे. पायापासून शिखरापर्यंत सगळा कोरीव दगड. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात. समोर पुष्करणी आहे आणि तिच्या भिंतीत मूर्तींसाठी केलेल्या कोनाड्यांची रांग. जवळच केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. तीन युगं संपली तसे तीन खांब गेले, असं लोक सांगतात. जानेवारीत ते पाणी हाडं गोठवतं. भावाने प्रदक्षिणा घातली, आम्ही दोघी काठावरूनच नमस्कार करून थांबलो. उतरायचं असेल तर कोरडे कपडे आणि टॉवेल बरोबर हवेत, नाहीतर पुढचे दोन तास कुडकुडण्यात जातात.

तिथून कोकणकडा पाऊण तासावर. गार वाऱ्यात, वाळलेल्या गवतातून चालताना कोणीच काही बोलत नव्हतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन आपल्या पाठीवर असतं आणि गडाची सावली खाली कोकणात लांबवर पडलेली दिसते. कड्याच्या काठाला उभं राहून वाकू नका. पालथं पडून, कुणीतरी मागे पाय धरून बसल्यावरच डोकं पुढे काढा. मी तशी पडले तेव्हा खालची भिंत आत वळत गेलेली दिसली, वाटीसारखी. खालून येणारा वारा थेट तोंडावर आला. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं हवं. जानेवारीत आकाश निरभ्र, त्यामुळे ती आशा धरून येऊ नका. ज्यांना बघायचंय त्यांनी पावसाच्या अखेरीस यावं.

झोपडीवजा टपरीत पोहे आणि चहा घेतला. संक्रांत जवळ आली होती म्हणून मी घरून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. चढावर मला याहून चांगला खाऊ माहीत नाही. चुरा होत नाही, थंडीत ऊब देतात, आणि एका वडीवर अर्धा तास निघतो. माकडं मात्र टपलेली असतात, पिशवी हातात धरून खाऊ नका. आपला प्लास्टिकचा कचरा आपणच खाली आणायचा.

पावणेअकरा वाजले होते. तारामतीला जाऊन यायला आणखी दीड-दोन तास लागले असते. गडाचं सर्वांत उंच शिखर, १४२९ मीटर. भावाचं मन तिकडे ओढत होतं. मी नाही म्हटलं. तो जरा खट्टू झाला, पण उतरताना त्याच्याच पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा वेळ हाताशी असल्यामुळे निवांत थांबता आलं. उतारावर घाई म्हणजे मुरगळलेला पाय. दोन दिवस आधी पायाची नखं कापून ठेवा, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, माणशी तीन लिटर पाणी घ्या. रोख पैसे जवळ असू द्या, रेंज नसल्यावर क्यूआर कोडचा उपयोग नाही.

पाऊणला खाली. काकूंकडे भात-आमटी खाऊन दोनला निघालो. निघताना त्यांनी दोन किलो नागलीचं पीठ बांधून दिलं, त्याचे पैसे त्या घेत नव्हत्या, आम्ही ते डब्याखाली ठेवून आलो. साडेसातला घरी. गरम पाण्याने अंघोळ, खिचडी, पापड, दहा वाजता अंथरुणावर.

सोमवारी पाय दुखत होते, डोकं मात्र स्वच्छ होतं. साडेदहाला मी त्रुटीसाठी अडकलेल्या फायली काढल्या. अकरा होत्या. प्रत्येक फाईल शेवटपर्यंत वाचून, जे जे कमी आहे ते सगळं एका कागदावर लिहिलं आणि अर्जदारांना स्वतः फोन केले. जेवणाची सुट्टी होईपर्यंत सात झाल्या. एरवी जानेवारीत हे काम मी कंटाळून पुढे ढकलत आलेय. डब्यात नागलीची भाकरी आणि कारळ्याची चटणी होती. मैत्रीण तिचा डबा घेऊन समोर येऊन बसली. तिच्याही डब्यात तेच, फक्त तिची भाकरी कडेला थोडी मोडलेली.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार रतनगडासाठी धरला आहे. मुक्काम रतनवाडीत, संध्याकाळी अमृतेश्वराचं देऊळ, पहाटे चढाई आणि एकच्या आत खाली. रतनवाडीत चुलीवरचं जेवण देणारं घर कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. आम्ही चौघं आहोत, या वेळी काउंटरवरची एक मुलगीही येते म्हणाली आहे.