धुऱ्यावरचा दगड

आमच्याकडे विदर्भात वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर फासलेला दगड दिसला नाही, तर वावर विकायला काढलंय की काय, अशी शंका येते. हा देव कोणता, असं आजीला विचारलं की ती म्हणायची, "मुंजा असन, नाही तं म्हसोबा असन. कोणी का असेना, तू नारय फोड अन् व्हय पुढं." देवाच्या बाबतीत इतका मोकळा कारभार मी दुसरीकडे पाहिला नाही.

या दगडांचं मूळ शोधायचं तर परतवाड्याहून वर, मेळघाटात चढावं. तिथली कोरकू आदिवासींची शेती उताराची. झाडं तोडायची, जाळायची आणि राखेत कोदो-कुटकी टाकायची, ही जुनी रीत. भोवती वाघ, अस्वल, रानडुक्कर. अशा जागी गाव वसलं की गावात दगडांचा मुठवा देव हवाच. जवळच्या टेकडीवर डोंगरदेव, वाघासाठी वाघदेव, आणि या सगळ्यांशी बोलणी करायला भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी. मला यात भोळेपणा फार दिसत नाही. आपण दुसऱ्याच्या हद्दीत घर बांधलंय, हे ओळखून असलेली माणसं ती. सरकारनं व्याघ्र प्रकल्प केला १९७४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी वाघाला त्याचा वाटा ठरवून दिलेला होता, फक्त नकाशा काढला नव्हता.

सगळंच असं गोड नाही. लेकराचं पोट फुगलं की तापल्या विळ्यानं पोटाला चटके द्यायचे, याला तिकडे 'डंबा' म्हणतात, आणि अजूनही अशी बातमी अधूनमधून येते. ज्याला यातही संस्कृती दिसते, त्यानं आधी स्वतःचं पोट उघडं करावं.

आजीचे नियम त्यामानानं बिनखर्ची. रात्री साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. तिन्हीसांजेला कुणाला मीठ द्यायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना अख्खं गाव ओरडतं, "ईडापीडा घेऊन जा गे मारबत!" आणि त्या पीडेत खोकला, ढेकूण, मच्छर सगळे येतात. श्रावण अमावास्येच्या सुमारास आमच्याकडे मच्छर इतके असतात की ही आरोळी अगदी पोटातून निघते.

पण खरी गर्दी भेंडवळला. हे गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती गोल अठरा धान्यं. रात्रभर तिथं कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा जागचा हलला, हे पाहून पाऊस, पीक, भाव सांगतात. विड्याच्या पानावरून राजाची गादीसुद्धा सांगतात. २०२४ ला मात्र लोकसभेची आचारसंहिता लागलेली होती, म्हणून राजाबद्दल तेवढं गप्प राहिले. ढेकळांना कुणी अडवलं नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ढेकळाला ढग कुठून कळणार? पण मे महिन्यात, बियाण्याच्या बॅगा उधारीवर आणलेल्या माणसापुढे हा प्रश्न मांडून पाहावा. आमचे काका भेंडवळचं भाकीत ऐकतात. मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज पाहतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी सहायकाचं सांगणं मान हलवत ऐकून घेतात. आणि शेजारच्या वावरात पेरणीची तिफन निघाली की त्याच दिवशी आपलीही काढतात.