रखमाची पाग आणि झिजलेला खोडरबर

रखमा म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळातलं माझं पात्र, जाळं टाकून लढणारी कोळीण. मागच्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रखमा मार्गी लागली, फक्त पॉइंट बायचे (गुण विकत घ्यायचे) २७ पॉइंट वाटायचे उरलेत. कसलं काय! जाळ्यानं आख्खा आठवडा खाल्ला.

आमचं टेबल २०१४ च्या नियमांवर. त्यात जाळ्याची रेंज ५/१५, म्हणजे पाच फूट नेहमीची, पंधरापर्यंत लाँग. पाच फुटांवर टाका, शत्रू अंगाशी म्हणून डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा). लांबून टाका, लाँग रेंज म्हणून डिसॲडव्हान्टेज. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. वर त्या ॲक्शनला अटॅक एकच, एक्स्ट्रा अटॅक असला तरी.

त्यात माझा हट्ट. जाळं रेंज्ड (लांबून मारायचं) शस्त्र, म्हणजे डेक्सवर (चपळाईवर) चालतं, हे ठाऊक असूनही कोळीण म्हणून स्ट्रेंग्थ १५ ठेवलेली. रविवारी माहीमच्या किनाऱ्यावर एक काका पाग टाकत होते. खांद्याचा जोर नाहीच. कमरेचा हिसका, मनगट सैल, आणि जाळं ताटासारखं गोल उघडलं. घरी येऊन सगळं खोडलं. डेक्स १५, कॉन (काटकपणा) १५, इंट (बुद्धी) ८. विस्डम १३ आणि स्ट्रेंग्थ १२ करणार होतो, पण मग कॅरिस्मा (छाप पाडणं) ८ राहतो. मासळी विकणारीचा कॅरिस्मा ८? गिऱ्हाईक हसेल. म्हणून कॅरिस्मा १३, स्ट्रेंग्थ आणि विस्डम १०-१०. रखमाचा वंश व्हेरियंट ह्यूमन, त्याचे दोन +१ डेक्स-कॉनला, दोन्ही १६.

त्याच वंशाचं एक फीट (खास कसब) मिळतं, ते शार्पशूटर, म्हणजे लाँग रेंजचं दुखणं गेलं. रखमा फायटर (लढवय्यी), तिची आर्चरी स्टाइल जाळ्यालाही लागते, +२. डेक्सचे ३ आणि सरावाचे २ धरून एकूण +७. गॉब्लिनची एसी (लागायला गाठायचा आकडा) १५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जाळं लागायची शक्यता ६५ टक्के. डिसॲडव्हान्टेजनं हेच ४२ होतं. त्या आनंदात रखमाच्या मिनीच्या (छोट्या पुतळीच्या) हातात मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला, झकास दिसतोय. (ऑनलाइन मागवलेल्या डाइसचं मात्र नाव काढू नका. डी-२० वरचे ६ आणि ९ सारखेच.)

आणि काल लोकलमध्ये डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) मेसेज: "जाळं २०२४ चं घे ना." त्यात अटॅक रोलच नाही. पंधरा फुटांत टाकायचं, समोरच्यानं डेक्स सेव्ह (चपळाईनं निसटायचा फासा) करायचा. आपला डीसी (त्यानं गाठायचा आकडा) १३, गॉब्लिनचा सेव्ह +२, म्हणजे ५० टक्के. पंधरा टक्के गेले आणि आर्चरी वाया, पण शार्पशूटर नको, म्हणजे फीट मोकळं!

त्या जागी ॲलर्ट हे फीट घेणार होतो. पण हे टाइप करतानाच टॅव्हर्न ब्रॉलर आठवलं: हाताला येईल ते शस्त्र. म्हणजे जाळ्यात अडकलेल्या गॉब्लिनला ॲडव्हान्टेजनं (दोन फाशांतला मोठा आकडा) सुरमई हाणायची! स्ट्रेंग्थ १०, मार बेताचाच, चालेल. शिवाय त्या फीटचा +१ कॉनला घेतला की व्हेरियंटचा +१ सुटतो. तो कॅरिस्मात टाकला की थेट १४.

थांबा, खोडरबर शोधतो.