च्याचिंग 34 चा घोळ (बराचसा) सुटला

जुन्या चिनी गॅझेटियरांवरून (स्थानिक माहितीग्रंथांवरून) मांडलेल्या माझ्या भूकंपांच्या नकाशावर 1555 आणि 1556 असे जे दोन भूकंप शेजारी शेजारी फुगलेले दिसत होते, ते एकदाचे एक झाले.

चीनमधल्या वेई नदीच्या खोऱ्यातल्या गॅझेटियरांमध्ये मजकूर बहुतेक एवढाच असतो: च्याचिंग 34 (म्हणजे मिंग सम्राट च्याचिंगच्या राजवटीचं 34 वं वर्ष), बारावा महिना, भूकंप. मी जोडलेल्या तयार आपत्तीसूचीत सरसकट राजवर्ष 34 म्हणजे 1555 धरलंय. पण चिनी वर्षाचा बारावा महिना जानेवारीत शिरतो. शकात 78 मिळवायचे की 79, यावर डोकं खाजवलेल्यांना हा चकवा सांगायला नको.

पक्का पुरावा मिळाला तो दिवसाच्या नावातून. मिंग घराण्याच्या इतिहासात तो दिवस रन-यिन, साठाच्या चक्रातला 39 वा. चक्र साठ दिवसांचं, त्यामुळे एका महिन्यात तेच नाव दोनदा येऊच शकत नाही. दिवसांक (दिवसांची सलग मोजणी) काढून हातानं गणित मांडलं आणि 23 जानेवारी 1556 बरोब्बर रन-यिनवर पडला. (ज्युलियन हं. ग्रेगोरियनात 2 फेब्रुवारी.) ही मजा कन्व्हर्टरात नाही.

फुकटातल्या ओसीआरवर (छापील पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीवर) मात्र विसंबू नका. 'रन' या अक्षराची वरची रेघ तिरकी असते. लाकडी ठशाची छपाई जरा झिजलेली असली की ती आडवी वाटते आणि 'रन'चा 'वांग', म्हणजे राजा होतो. मग शोधात तो दिवस सापडतच नाही. तारखांच्या ओळी डोळ्यांनीच वाचाव्यात.

आता खरी डोकेदुखी. तारीख जुळल्यावर लक्षात आलं की बऱ्याच ओळी शब्दशः सारख्या आहेत. मिंगनंतरच्या छिंग काळातल्या संपादकांनी जुन्या आवृत्तीतलं जसंच्या तसं उचललंय. म्हणजे पाच ठिपके, साक्षीदार एकच! म्हणून ठिपक्यांना आवृत्तीच्या सालानुसार रंग द्यायचं ठरवलं. अर्धे रंगवून झाले आणि छिन ख-दा आडवा आला. हा गृहस्थ त्या रात्री शीआन भागात होता, वाचला, आणि लिहून गेला की धक्का जाणवला की बाहेर धावू नका, दबून बसा, थांबू द्या. त्याचं हे टिपण मला मिळालं ते खांगशी या छिंग सम्राटाच्या काळातल्या, शीआनजवळच्या श्येननिंगच्या गॅझेटियरात, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी छापलेलं. माझ्या रंगात तो 'उशिराचा' ठरतो, आणि साक्ष तर अस्सल. तेव्हा रंग रद्द. आता दोन रकाने: पुस्तक कधीचं, आणि बोलणारा कधीचा. सगळं पुन्हा भरायचं, पण इलाज नाही. शिवाय फक्त आपत्तींचं प्रकरण चाळून भागणार नाही, लेख आणि शिलालेखांचे विभागही धुंडाळावे लागतील.

यासाठी बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेचं लोगार्ट हे गॅझेटियर शोधायचं साधन झकास आहे, एकाच विषयाचे विभाग अनेक गॅझेटियरांतून एकदम काढता येतात. पूर्ण मजकुरासाठी मात्र ग्रंथालयाचा परवाना लागतो, तिथे आपल्यासारखे हौशी अडतात.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. याच भागातल्या चाओयीचं 1519 चं गॅझेटियर भूकंपाच्या आधीचं आहे. ते हान पांगचिंगनं रचलं आणि त्याचा थोरला भाऊ हान पांगछी याच भूकंपात गेला. आधी काय उभं होतं हे त्यातून काढता आलं तर 'सर्व कोसळलं' या ठरीव वाक्याला काही माप मिळेल. अडचण अशी की पुस्तक दोनच खंडांचं. विद्वान त्याच्या आटोपशीरपणाची वाहवा करतात, मला मात्र प्रत्येक पानावर आणखी चार ओळी हव्या होत्या. चाओयीच्या मिंगकालीन तटबंदीचा नकाशा कुणाकडे स्पष्ट छापलेला असेल तर जरूर कळवा, माझ्या प्रतीत नेमकी घडीवरची बाजू काळी आली आहे.