माळ्यावरचा एल्बो

गुरुवारी संध्याकाळी, गळती तपासायला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये नहाणीच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, वर वाळूची पिशवी ठेवली, दोन इंच पाणी तुंबवलं आणि त्यात नीळ कालवली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "म्हणजे दोन दिवस मी पुन्हा शेजारी आंघोळीला जायचं?" एवढंच म्हणाल्या. त्या 'पुन्हा'वर मी मान खाली घातली.

कारण आदल्या वर्षी काकू महिनाभर शेजारी आंघोळीला गेल्या होत्या, त्या माझ्यामुळे.

डोंबिवलीतली १९९४ सालची इमारत, चार मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर एका तरुण जोडप्याने रिसेलमध्ये वन बीएचके घेतला. इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सगळं वकिलाकडून तपासून घेतलेलं. घर बघितलं एप्रिलमध्ये. बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग होता. अख्ख्या घराला जुना रंग आणि एका भिंतीला नवा, म्हणजे मालकाला ती भिंत तुम्हाला दाखवायची नाहीये, हे मी येईल त्याला सांगतो. पण ते दोघं माझ्याकडे आले घर घेतल्यानंतर, जूनमध्ये, तेही व्हॉट्सॲपवर. फोटोत बीमखालचा कोपरा काळवंडलेला, रंगाचे पोपडे, कडेला लोणा. मी साइटवर होतो, उन्हात. फोटो मोठा करून बघितला आणि फोनवरच सांगून टाकलं, "वरच्यांची नहाणी फुटलीय, दुसरं काय असणार!"

तेवीस वर्षं गळती शोधायचं हे काम करतोय. दहापैकी सात वेळा नहाणीच असते, त्यामुळे जीभ सैल सुटते.

माझं ते वाक्य त्यांनी कमिटीला सांगितलं. कमिटीने काकूंना पत्र दिलं. नियम तसा आहेच: गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीकडे, पण घरातल्या संडास-बाथरूमची गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांनी भांडण केलं नाही. टाइल्स काढल्या, जुना कोबा फोडला, नवा ट्रॅप, नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स. ऐंशी हजार गेले. आणि गंमत म्हणजे काम चालू असताना खालची ओल खरंच कमी झाली. मला मेसेज आला, अंगठ्याच्या खुणेसकट. पुढे काम संपल्यावर ओल परत आली, तेव्हा त्यांनी कोपऱ्यावर वॉटरप्रूफ पुट्टी मारून घेतली. ती दिवाळीत सोलून पडली. मे महिन्यात त्यांनी मला प्रत्यक्ष बोलावलं. या खेपेला मी फी ठरवून गेलो आणि आधी प्रश्न विचारायला बसलो. वर्षापूर्वी एकही विचारला नव्हता.

ओल कधी वाढते? हा पहिला प्रश्न. पावसाची ओल पावसाबरोबर येते आणि डिसेंबरपर्यंत सुकायला लागते. सांडपाण्याची ओल वापराबरोबर चालते. वर पाहुणे आले की वाढते, वरचं घर बंद असलं की ओसरते. नळाच्या लाइनला मात्र सुट्टी नसते. टाकीत पाणी आहे तोवर ती चोवीस तास गळते.

"दिवाळीत काकू पंधरा दिवस नाशिकला लेकीकडे होत्या ना, तेव्हा कोपरा सुकला होता?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "नाही हो. उलट तेव्हाच पुट्टी पडली."

आणि आता मे महिना होता, बाहेर घामाच्या धारा, आणि कोपऱ्याला हात लावला तर गार. पाऊस नाही हे उघड होतं. काकू नसताना कोपरा सुकला नाही, म्हणजे नहाणीही नसणार. तरी नीळ लावून बघितलीच, कारण एकदा तोंडघशी पडलो होतो. शनिवारी सकाळी गेलो. वर पाणी निळंशार, जवळजवळ तेवढंच, आणि खाली निळ्याचा टिपूसही नाही. काकूंचा ऐंशी हजारांचा कोबा चोख होता.

मग म्हटलं, माळा रिकामा करा.

ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या घरांत बाथरूमवर माळा असतोच. त्याचं तोंड पॅसेजमध्ये, आणि आतलं कोणी वर्षानुवर्षं बघत नाही. घर बघायला येणारे गिऱ्हाईक तर नाहीच नाही. तीन बॅगा निघाल्या, गणपतीचं मखर, लग्नातला डिनर सेट, आणि सगळ्यात मागे आधीच्या मालकाची गादी. गादी ओढली तर कुबट वास पॅसेजभर पसरला. खालचा कापूस काळा, चिकट. टॉर्च मारला. गच्चीवरच्या टाकीतून बाहेरच्या भिंतीने उतरणाऱ्या पाइपाची फांदी तिथेच भिंतीतून घरात शिरत होती, माळ्याच्या स्लॅबच्या चार बोटं वर, आणि तिथून बाथरूमच्या भिंतीत खाली. स्लॅबच्या कडेला सिमेंटची खपली निघून सळई दिसत होती. गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि काँक्रीटला आतून ढकलतो. हे काम आणखी दोन वर्षं राहिलं असतं तर प्रकरण प्लंबरपुरतं उरलं नसतं.

प्लंबरने लाइन वेगळी केली, तोंडं बंद करून दाब तपासायचा हातपंप लावला. काटा पाचवर नेला. आम्ही सगळे डायलकडे बघत बसलो. दहा मिनिटांत तो तीनवर आला. मग छिन्नी. प्लास्टर अगदी सहज निघालं, भिजलेल्या बिस्किटासारखं. आत जुन्या जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा एल्बो, वळणावरचा जोड, आणि त्याच्या आट्यांवर, गंजाच्या फोडाशेजारी, एक भोक. पंप पुन्हा दाबला तर त्यातून सुईएवढी धार निघाली आणि समोरच्या भिंतीवर बारीक आवाज करत आपटू लागली. फिस्स. बायको म्हणाली, "हा आवाज रात्री यायचा. मला वाटायचं पाल आहे."

तेवढ्यात मागच्या वर्षीचंही कोडं सुटलं. प्लंबरनेच आठवण करून दिली. काकूंचं कामही त्यानेच केलं होतं. वर फोडाफोड चालू असताना तो रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्या बाजूची लाइन बंद करायचा आणि संध्याकाळी सोडायचा. महिनाभर हा एल्बो दिवसा कोरडा होता. ओल कमी झाली ती त्यामुळे, आणि आम्ही सगळ्यांनी श्रेय दिलं नव्या ट्रॅपला.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्या घरातली जीआय सगळी काढून सीपीव्हीसीची प्लास्टिक लाइन टाकली, सळई घासून गंजरोधक लावलं, वर पॉलिमर मॉर्टर. भिंतीला महिनाभर रंग लावू नका असं बजावलं. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे पैसे पाण्यात. इमारत तिशीला आलीय, आता दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावं लागेल, हेही सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते "बघू" म्हणाले. सेक्रेटरी 'बघू'च म्हणतात.

खरं काम एक मजला वर होतं. तरुण म्हणाला, "आपण दोघं जाऊ." त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो एल्बो होता.

काकूंनी कोकम सरबत दिलं. मी सरळ सांगितलं: गळती यांच्याच घरातली होती, तुमच्या बाथरूमचा काही दोष नव्हता, आणि मागच्या वर्षी न बघता बोललो तो मी. तरुण म्हणाला, ऐंशी हजार तो हप्त्याने देईल. मी त्यातले निम्मे माझे म्हटलं.

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "पैशांचं नंतर बोलू. कमिटीने ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं होतं, माहितीय तुम्हाला? नावासकट. दोन महिने होतं."

मला माहीत नव्हतं. तरुणाला होतं, तो टाइल्सकडे बघत होता.

"तो तुकडा आहे का पिशवीत? बघू."

त्यांनी एल्बो हातात घेतला, चष्मा वर सरकवून भोकातून खिडकीकडे पाहिलं. मग आत गेल्या, एक रिकामी लोणच्याची बरणी घेऊन आल्या आणि तो त्यात टाकला.

"हा राहू दे माझ्याकडे. सप्टेंबरात एजीएम आहे, सोसायटीची वार्षिक सभा. तुम्ही दोघंही या."